जावक: टाचणी

बाबांची नोकरी शोधायची तयारी पूर्ण झाली होती. आता फक्त नोकरी शोधायची बाकी होती.

आणि तयारी म्हणजे काय तयारी! लोक चंद्रावर जातात तेव्हा एवढी करत नसतील. भिंतीवर वेळापत्रक. चार रंगांच्या चार फायली, प्रत्येक फायलीच्या पाठीवर नंबर, नंबरांची एक वेगळी यादी, आणि ती यादी कुठे ठेवलीय हे सांगणारी एक चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. सकाळी नऊ ते सव्वानऊ मनाची तयारी. सव्वानऊ ते दहा जाहिरातींची कात्रणं. दहा ते अकरा अर्ज लिहिणं. अकरा ते सव्वाअकरा चहा. आणि मग आढावा. कसला आढावा, तर सकाळपासून काय केलं त्याचा. म्हणजे चहा पिण्याचासुद्धा आढावा.

टाचणीला हे वेळापत्रक नुसतं दिसलं तरी डोक्यात जायचं.

टाचणी म्हणजे त्यांची सतरा वर्षांची मुलगी. नाव बाबांनीच पाडलेलं, ती तीन वर्षांची असताना. कडेवर घेतलं की टोचायची म्हणे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि दाखला शाळेतच राहिला होता. शाळेनं तिला सोडलं की तिनं शाळेला, यावर घरात दोन मतं होती. ती वर्गात मन लावून बसायची नाही, पण वर्गातला बंद पडलेला पंखा तिनं दोनदा उघडून चालू केला होता. त्याचं कौतुक राहिलं बाजूला, बाक तुडवला म्हणून वर आईला बोलावून घेतलं. मग तिनं दप्तर माळ्यावर फेकलं ते फेकलंच.

आता तिला एकच जागा हवी होती. कोपऱ्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची, नवीन तांब्याची तार भरायची. दुकान एका बाईंचं होतं. तोंडानं तिखट, हातानं सोनं. त्या कोणाला सहजासहजी शिकवत नसत, पण टाचणीला म्हणाल्या होत्या, "तुझी बोटं बरी आहेत, जीभ जरा कमी चालव. एक तारखेला ये. आली नाहीस तर दुसरी बघीन, मला काय रांग लागलीय."

आणि आज अठ्ठावीस तारीख.

अडत होतं कुठे, तर बाबांपाशी. बाबांची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. तिथं बाबा तेवीस वर्षं स्टोअरकीपर होते. वॉशर, बेअरिंग, गॅस्केट, नट, बोल्ट. चिठ्ठीशिवाय एक वॉशर स्टोअरबाहेर जायचा नाही, मग मागायला खुद्द मालक आला तरी. तीन महिन्यांपूर्वी कंपनीला कुलूप लागलं आणि बाबा घरी आले. ते एकटे आले असते तरी चाललं असतं. पण ते स्टोअरच घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी ओट्यावरच्या बरण्यांवर नंबर चढले. क-तीन साखर, क-चार मीठ. बरणीला दोरीनं कार्ड बांधलेलं, किती काढलं ते लिहायचं. आई एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला होती, दिवसभर चादरी पिळून यायची. ती भाजीत मीठ घालण्याआधी पेन्सिल शोधायची.

तिसऱ्या दिवशी बाबांनी पलंगावर मीटिंग घेतली. समोर आई आणि टाचणी. मांडीवर जाडजूड रजिस्टर.

"नोकरी शोधणं हेही एक काम आहे," बाबा म्हणाले. "कामाला वाटणी लागते. मी सगळं लिहिलंय. वाचा आणि सह्या करा."

आईनं डोळे मिटूनच सही केली. टाचणी बाहेर निघालेली, एका पायात बूट, दुसरा हातात. तिनं एका पायावर उड्या मारत सही ठोकली आणि पळाली. बाबा मागून ओरडले, "वाचलंस का?" ती जिन्यातून ओरडली, "हो हो हो!"

आणि शेवटी बाबांनी फर्मान काढलं, की मला नोकरी लागेपर्यंत टाचणीनं घरी थांबून कार्यालयाला मदत करावी. कार्यालय म्हणजे ओट्यासमोरचं टेबल. "तू वाइंडिंग शिकायला गेलीस तर कात्रणं कोण चिकटवणार?"

झालं. अडकली टाचणी.

त्यात भर म्हणून आतोबा. आत्याचा नवरा. या माणसाला वडिलांचं तयार फर्निचरचं दुकान आयतं मिळालेलं, आयुष्यात एकदाही कोणाच्या दारात काम मागायला उभा राहिला नव्हता, आणि नोकरी कशी शोधावी यावर तासभर बोलायचा. दर रविवारी यायचा, घरातली एकुलती एक हातांची खुर्ची पकडायचा आणि साहेब व्हायचा.

"हं, सांगा. तुमची कमजोरी काय?"

बाबा समोर स्टुलावर, पाठ ताठ. "मी फार नीटनेटका आहे."

"वा! असंच! कमजोरी सांगताना गुण सांगायचा."

"मग गुण विचारला की काय सांगायचं?" टाचणी ओट्यापाशी टेकून म्हणाली. "वेंधळा आहे म्हणून?"

"हिला जरा आत पाठवा," आतोबा म्हणाले. "हिच्यातून नकारात्मक लहरी येतात."

"आत म्हणजे कुठे आतोबा? एवढीच खोली आहे. संडासात बसू?"

मनाची तयारी हीसुद्धा आतोबांचीच देणगी. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं: मी हवा आहे. सगळ्यांना मी हवा आहे. माझ्यावाचून अडलंय. आरसा न्हाणीघरात, त्यामुळे मनाची तयारी दार लावून चालायची, नेमकी आईच्या कामाला निघायच्या घाईत.

"माझ्यावाचून अडलंय!" आतून बाबा.

"तुमच्यामुळे अडलंय!" बाहेरून आई, खांद्यावर टॉवेल. "निघा आता, माझी बस जाईल!"

एवढं सगळं करून निकाल काय? शून्य. बाबांनी बारा अर्ज केले. हाताने लिहिलेले, कोऱ्या कागदावर, समास आखून. स्क्रीनवरून पाठवलेल्या अर्जाला अर्ज म्हणायला ते तयार नव्हते, आणि जाहिरातीही हुडकून हुडकून पत्ता दिलेल्याच घ्यायचे. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि तारीख, अगदी कंपनीत टाकायचे तशी. आणि रोज दुपारी साडेबाराला, इस्त्रीचा शर्ट घालून, किल्ली घेऊन खाली जाऊन टपालपेटी उघडायची. पेटीत विजेचं बिल आणि पायाचे फोड बरे करणाऱ्या मलमाची जाहिरात.

"आलं का साहेबांचं बोलावणं?" टाचणी विचारायची.

"येईल."

"मलमवाल्यांनाच विचारा ना. ते एकटेच आठवण काढतात तुमची."

बाबा बिल आवक ट्रेमध्ये ठेवायचे. दाराशी बुटांचा रॅक होता, त्यावर बुटांच्या खोक्यांची दोन झाकणं. एकावर लिहिलेलं आवक, दुसऱ्यावर जावक. टाचणी बाहेरून आली की तिचं जॅकेट त्यावर भिरकावायची. तिची नजर म्हणे घारीची, गल्लीत कोणाच्या सायकलची चेन सैल आहे ते तिसऱ्या मजल्यावरून सांगायची. त्या जॅकेटखाली काय आहे ते मात्र तिला कधी दिसलं नाही.

त्या दिवशी, अठ्ठाविसाला, दुपारी तीनच्या सुमाराला बेल वाजली. दारात पावणेचार.

पावणेचार हे कंपनीतले टपाल नेणारे शिपाई. रोज बरोब्बर पावणेचारला बाबांच्या टेबलाशी यायचे, जावक ट्रेमधली पाकिटं उचलायची आणि टपालात टाकून यायची. तेवीस वर्षं. त्यांना बघून लोक घड्याळं लावायचे. मिशा पांढऱ्या झाल्या, नाव तेच राहिलं. आज अंगात निळा शर्ट, खांद्याला शिट्टी अडकवलेली, हातात बिस्किटांचा पुडा.

"साहेब, नोकरी पक्की झाली," ते दारातूनच म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यात. गेटवर."

"अरे वा! बसा पावणेचार, बसा." बाबांनी स्टूल दाराशीच ओढलं, खोलीत दुसरी जागाच नव्हती. "कधी? कसं? अर्ज कोणत्या नमुन्यात केलात?"

"कसला अर्ज! कंपनी बंद झाली त्याच आठवड्यात, चाललो होतो रस्त्यानं. गेटवर कोणी दिसेना. आत जाऊन विचारलं, माणूस पाहिजे का? म्हणाले, पाहिजे."

"पण मनाची काही तयारी?"

"पाय दुखत होते साहेब. गेटवर खुर्ची होती."

टाचणी फस्सकन हसली. तिला हा माणूस लगेच आवडला. ती म्हणाली, "आतोबांना यांची शिकवणी लावायला हवी."

चहा झाला. आई आतल्या कोपऱ्यात पलंगावर चादर ओढून पडली होती, आज लवकर सुटून आलेली, थकलेली. बाबा चारी फायली दाखवत होते. पावणेचार माना डोलवत होते, आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार वाजले.

आता खोड ती खोड. बोलता बोलताच पावणेचारांचा उजवा हात रॅककडे गेला. बघितलंसुद्धा नाही त्यांनी. टाचणीचं जॅकेट उचलून बाजूला ठेवलं, जावक ट्रेमधला गठ्ठा उचलला, गुडघ्यावर आपटून कडा जुळवल्या, काखेत मारला आणि उठले.

"येतो साहेब. जाता जाता पेटीत टाकतो ही."

बाबा फाईल मिटवत राहिले. टाचणी म्हणाली, "काय टाकताय?"

"ही काय, पाकिटं." पावणेचारांनी गठ्ठा काखेतून काढला, नेहमीच्या सवयीनं वरच्या कोपऱ्यातला नंबर बघितला, आणि त्यांच्या मिशा थांबल्या. "साहेब... ही तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे."

त्यांनी बोटानं पाकिटं मोजली.

"बारा आहेत," पावणेचार म्हणाले. स्वतःच्या हातून पाप झाल्यासारखा चेहरा. "जावक कोणाकडे होतं?"

बाबा उठले, रजिस्टर आणलं, पहिलं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. बोट ठेवलं. जावक: टाचणी. रोज दुपारी पावणेचार वाजता ट्रेमधील टपाल पेटीत टाकणे. आणि पुढे सही. वेडीवाकडी, एका पायावर केलेली, पण तिचीच.

टाचणीचे कान तापले. "मी वाचलं नव्हतं हे."

"सही केलीस."

"तुम्ही सगळ्यावर सही घेता! मिठाच्या बरणीवर घेता! माणूस काय काय वाचणार?"

"मी विचारलं होतं, वाचलंस का. तू तीन वेळा हो म्हणालीस."

आई चादरीतून उठून बसली. केस विस्कटलेले. "म्हणजे एकही अर्ज गेलाच नाही?"

"नाही," टाचणी पुटपुटली.

"एकही?" आईचा आवाज चढला. "अगं तीन महिने मी त्या कंपन्यांना शिव्याशाप देतेय! त्या साबणवाल्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून मी साबण बदलला! नवीन साबणानं माझ्या हातांची सालं निघाली!"

पावणेचारांना कुठे बघावं कळेना. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "शेवटचं पाकीट कालचं आहे," ते हळूच म्हणाले. "इस्पितळाचं."

"त्याची मुदत आज पाचपर्यंत," बाबा म्हणाले. त्यांना सगळ्या तारखा पाठ. "स्टोअरकीपर, एक जागा."

"मग बसलात काय! चला!" टाचणीनं जॅकेट चढवलं, गठ्ठा हिसकावून आत कोंबला. "चालत वीस मिनिटं आहे."

"असं कसं? माझी मनाची तयारी शनिवारी पूर्ण होतेय. भाऊजी म्हणाले होते..."

"आतोबा गेले खड्ड्यात, त्यांच्या सोफासेटसकट!" टाचणी आता पेटली. लाज वाटली की ती पेटायचीच, रडण्यापेक्षा तिला ते सोपं जायचं. "तीन महिने आरशाला सांगताय मी हवा आहे, मी हवा आहे. आरसा देणार आहे का नोकरी? नका येऊ. मी देऊन येते."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "पोच आणशील?"

"काय पोच?"

"अर्ज मिळाल्याची. सही, शिक्का, आवक नंबर. शिक्का तारखेचा हवा, नुसता गोल नको. आणि नंबर त्यांच्या रजिस्टरवरून बघून घालायचा, मनानं नाही."

"आणते की."

"तू न वाचता घेशील." बाबांनी उसासा सोडला आणि बूट घातले. "मलाच यावं लागणार."

तीन महिन्यांत पहिल्यांदा माणूस दुपारी इमारतीबाहेर पडला, तोही पोचेसाठी. बूट रोज पॉलिश केलेले, तळवे कोरे करकरीत, प्रत्येक पावलाला कुईकुई. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं रजिस्टर. पावणेचारांना पाळीला जायचं होतं; चौकात ते वळले आणि वळता वळता बाबांना म्हणाले, "साहेब, गेटवरच्याला विचारून आत जायचं. आम्ही लोक उगाच अडवत नाही."

टाचणी पुढे, बाबा मागे. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता. आज जागा मिळाली तर एक तारखेला ती वाइंडिंगच्या दुकानात. नाही मिळाली तर? तर काय, कात्रणं. आणि चूक कोणाची? तिची. तीन महिने ती ज्या दाराला लाथा घालत होती त्याची कडी तिनंच आतून लावलेली. एवढा राग आला तिला स्वतःचा, की वाटेतल्या रिकाम्या डब्याला तिनं अशी लाथ हाणली की बाबा दचकून म्हणाले, "मी येतोय, येतोय."

इस्पितळाच्या कार्यालयात तीन खिडक्या होत्या, त्यांतल्या दोन बंद. तिसऱ्या खिडकीत एक बाई फोनवर नणंदेची चहाडी करत होत्या. त्यांच्या मागं स्टोअरचं दार अर्धवट उघडं होतं. आत सलाइनची खोकी आडवी-उभी कशीही रचलेली, हातमोज्यांचं एक खोकं तळातून फाडलेलं. बाबांना ते बघवेना. त्यांनी मान फिरवली, दुसऱ्याच्या घरात काही उघडं दिसल्यासारखी.

बाईंचा फोन संपला. टाचणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा बाबांनी पाकीट पुढे सरकवलं. पण त्यावरचं बोट काढलं नाही. टाचणीनं ते पाहिलं आणि पुन्हा ढोसायला उचललेलं कोपर मागं घेतलं.

"स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज," बाबा म्हणाले.

"भरली."

"काय?"

"जागा भरली हो. मागच्या बुधवारी."

"जाहिरातीत शेवटची तारीख आजची आहे."

"तारीख आजचीच आहे. माणूस बुधवारी आला."

"अर्ज घेऊन?"

"हात हलवत. अर्ज नंतर इथंच लिहून घेतला त्याच्याकडून. याच पेनानं." बाईंनी पेन दाखवलं, टोपण चावलेलं.

टाचणीनं डोळे मिटले. आता बाबा कोसळणार. आता ते गुपचूप घरी जाणार, नऊ ते सव्वानऊ, सव्वानऊ ते दहा, आणि हे असंच वर्षभर. चूक माझी आहे, असं खिडकीत तोंड घालून ओरडावंसं वाटलं तिला.

"बरं," बाबा म्हणाले. "मग तशी पोच द्या."

"मी अर्ज घेतच नाहीये काका. पोच कसली देऊ?"

"नाही म्हणालात, त्याची. जागा भरली आहे, असं लिहायचं, खाली तारीख, सही, शिक्का."

"नाही म्हटल्याची पोच?" बाईंनी टाचणीकडे पाहिलं. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"द्या हो," टाचणी म्हणाली. "नाहीतर ते इथंच बसतील. मी ओळखते त्यांना. पाच वाजले तरी उठणार नाहीत, आणि तुमची ती खोकी नीट लावायला घेतील."

बाईंनी पाकिटावरच खरडलं, सही केली, शिक्का मारला. बाबांनी उजेडात धरून बघितला. तारखेचा होता.

बाहेर पायऱ्यांवर ते बसले. बाबा शिक्क्याकडे बघत होते.

"एवढंच असतं?" ते म्हणाले.

"काय एवढंच?"

"नाही म्हणणं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही त्यांना."

"मग तुम्हाला काय वाटलं, बँड लावून म्हणतात?"

बाबा हसले नाहीत. रजिस्टरच्या पिशवीशी चाळा करत म्हणाले, "ती पाकिटं. मी तुझं जॅकेट उचलून पाकीट खाली ठेवायचो. मग जॅकेट परत वर टाकायचो."

टाचणीला कळायला क्षणभर लागला. मग ती ताडकन उभी राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"सुरुवातीला नव्हतं. चौथं ठेवताना हाताला खालची तीन लागली."

"मग बोलला का नाहीत? आणि वर रोज साडेबाराला पेटी उघडायला जात होतात? इस्त्री करून?"

"ती पाकिटं तिथं होती," बाबा म्हणाले, "तोवर कोणी नाही म्हणालेलं नव्हतं."

"आणि मघाशी पावणेचारांसमोर सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलंत!"

"सही तुझी होती."

"तुमच्यासारखा कोडगा माणूस नाही बघितला मी!" ती एवढ्या जोरात ओरडली की खालून जाणारी नर्स थांबली. टाचणीला चार गोष्टी अजून सुनवायच्या होत्या, चांगल्या धारदार, जिभेवर येऊन बसलेल्या. पण बाबा तिथं त्या कुईकुई बुटांत, मांडीवर एक नकार सांभाळून बसलेले, आणि ती त्यांतली एकही गोष्ट बोलली नाही. नंतर बोलीन, असं मनाशी म्हणाली. तिनं जॅकेटमधून गठ्ठा काढला आणि पत्ते चाळले.

"हे दोरखंडवाले. दोन गल्ल्या सोडून आहेत. साडेचार झालेत. उठा."

"त्याच्यावर तारीख जुनी आहे. नवीन लिहावा लागेल."

"तो बुधवारवाला काय घेऊन गेला होता?"

बाबा उठले.

दोरखंडाच्या गोदामात भल्यामोठ्या गुंडाळ्या छतापर्यंत चढवलेल्या, काथ्याच्या धुळीनं शिंका येत होत्या. गेटवर एक म्हातारा होता. बाबांनी त्याला विचारलं आणि आत गेले. टाचणी मुद्दाम बाहेर थांबली. आतला आवाज तिला ऐकू येत होता. मालक म्हणत होता, पाकीट वगैरे राहू द्या, काय येतं ते सांगा. मग बाबांचा आवाज, आधी पडलेला, मग जरा सरळ झालेला. बेअरिंग, गॅस्केट, तेवीस वर्षं, एकही वॉशर कमी नाही. कमजोरी त्या माणसानं विचारलीच नाही. मग मालक म्हणाला, कायमची जागा नाही माझ्याकडे, पण वर्षाची मोजदाद करायचीय. सोमवारी सकाळी या, बघू.

बाबा बाहेर आले, चेहऱ्यावर काथ्याची धूळ. "पोच मागितली. म्हणाला, मी तोंडानं सांगतोय तीच पोच."

"मग?"

"मग काय. घेतली तशीच." त्यांना ते पटलेलं नव्हतं. "वाक जरा."

टाचणी वाकली. बाबांनी तिच्या पाठीवर रजिस्टर टेकवलं आणि लिहायला सुरुवात केली. पेन तिला मणक्यात जाणवत होतं. तिनं मान वळवून बघायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस. ओळ वाकडी येतेय."

"काय लिहिताय?"

"एक. नकार, शिक्क्यासह. दोन. सोमवारी सकाळी, तोंडी." मग पानं मागं उलटल्याचा आवाज. लांब रेघ मारल्यासारखं काहीतरी पाठीवरून गेलं. मग पुन्हा लिहिणं. "हं. ऊठ. सही कर."

पहिलं पान होतं. "जावक: टाचणी" यावर तांबडी काट. शेजारी लिहिलेलं, जावक: स्वतः. आणि त्याखाली, टाचणी, एक तारखेपासून कार्यमुक्त.

तिनं पेन घेतलं, पण सही केली नाही. आधी वाचलं. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळ, बोट ठेवून. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"न्हाणीघरातला आरसा पुसणे, हेही माझ्याकडे होतं?"

"होतं. तीन महिन्यांत एकदाही पुसला नाहीस. साबणाचे थर चढलेत."

"मग तुम्ही रोज सकाळी बोलत होतात कोणाशी? दिसत काय होतं तुम्हाला?"

बाबांनी रजिस्टर पुढे धरलं. "अंदाजानं," ते म्हणाले.

टाचणीनं सही केली. या वेळी तिच्या दोन्ही पायांत बूट होते.